पेंडीतल्या नायट्रोजनचा हिशेब

दुभत्या गाईच्या आंबोणात प्रथिन किती असावे, या प्रश्नाचा माग काढत आपण निघालो की अल्सासमधल्या बेशेलब्रॉनच्या एका शेतावर पोहोचतो. झाँ-बातिस्त बुसँगो याने तिथे एका गाईला बटाटे आणि वाळके गवत तोलून घातले, आणि तिचे दूधच नव्हे तर शेण-मूत्रही तोलले. प्रथिनात असणारा नायट्रोजन गाय हवेतून शोषते का, हे त्याला पाहायचे होते. १८३९ साली त्याने हिशेब छापला: जो नायट्रोजन लागतो तो वैरणीतूनच येतो. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल याने बार्लीतले प्रथिन मोजण्यासाठी एक युक्ती काढली. नमुना गंधकाम्लात उकळायचा, नायट्रोजनचा अमोनिया करून मोजायचा. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन धरून येणाऱ्या आकड्याला ६.२५ ने गुणले की झाले ‘क्रूड प्रोटीन’. पेंडीच्या पोत्यावर आजही हाच आकडा असतो. गंमत अशी, की ४६ टक्के नायट्रोजनचा युरिया या हिशेबाने २८७ टक्के ‘प्रथिन’ ठरतो!

मात्र गाईच्या बाबतीत हा आकडा अगदीच खोटा नाही. कोटीपोटातले, म्हणजे गाईच्या पहिल्या पोटातले, सूक्ष्मजीव प्रथिन नसलेल्या साध्या नायट्रोजन-संयुगांपासून प्रथिन घडवत असावेत, हे जर्मनीत नाथान त्सुंट्स याने १८९१ मध्येच सुचवले होते. १९४९ साली कॉर्नेलमध्ये लूसली आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांना नायट्रोजनसाठी निव्वळ युरिया दिला. कोटीपोटात दहाही आवश्यक अमिनो आम्ले तयार झालेली सापडली. फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांनी त्यापुढची मजल मारली. स्टार्च, सेल्युलोज, साखर, युरिया आणि अमोनियम क्षार एवढ्यावर त्यांच्या गाई दूध देत राहिल्या. १९६६ च्या त्यांच्या लेखात वर्षाला ४००० किलोंहून अधिक दूध दिलेल्या गाईची नोंद आहे. गाय प्रथिन खाते ते मुख्यतः आपल्या पोटातल्या जंतूंचे, हे आता नाकारता येईना.

पण हे जंतू उधळेही आहेत. चांगल्या पेंडीतले प्रथिन ते फोडून अमोनिया करतात. त्यांना वापरता न आलेला अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करते आणि महागाची पेंड मूत्रावाटे वाहून जाते. १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रथिनावर फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया करून ते कोटीपोटातून न फुटता पुढे, चौथ्या पोटाच्या आम्लापर्यंत पोहोचवले. हेच ‘बायपास प्रोटीन’ पुढे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आपल्याकडे आणले. प्रक्रिया करायची ती मुख्यतः शेंगदाणा, मोहरी, सूर्यफुलाच्या पेंडीवर, कारण त्या लवकर फुटतात. सरकीच्या पेंडीतले प्रथिन मात्र मुळातच बरेचसे तगून पुढे जाते. शेंगदाणा पेंडीचा आकडा मोठा असूनही दुभत्या जनावरासाठी सरकी पेंडच मागणारा आपला गोठेवाला त्या पोत्यावरच्या हिशेबात बसत नव्हता, तो इथे बसतो.