वारा कोण घालतो?

मंडळी, खराडीत किंवा पुण्यात कुठंही 'ऑर्गन' म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातला ऑर्गन आठवतो. वादक दोन्ही पायांनी पेडल मारतो, त्यानं भाता चालतो. हात पट्ट्यांवर असतात. नटानं पद उचललं की हा सुरानं त्याच्या मागोमाग जातो. म्हणजे वारा आणि सूर, दोन्ही एकाच माणसाचे.

युरोपातल्या चर्चचा मोठा ऑर्गन वेगळा. तिथंही पायांखाली लाकडी पट्ट्यांची रांग असते, पण ती भात्यासाठी नाही; खर्जाचे सूर तिच्यावर पायांनी वाजवायचे. मेंडेल्सोननं १८४५ साली ऑर्गनसाठी सहा सोनाटा प्रसिद्ध केले. मागणी लंडनच्या प्रकाशकाची, आणि गंमत अशी की तेव्हा इंग्लंडमधल्या कित्येक ऑर्गनना ही पायांची रांग पुरेशी नव्हतीच!

आता प्रश्न असा, की वादकाचे हातपाय चारही गुंतलेले, मग वारा कोण घालणार? विजेची सोय व्हायला अजून बराच अवकाश होता. भाता चालवायला वेगळी माणसं लागत. जर्मनीत त्यांना 'काल्कांट' म्हणत. ६ ऑगस्ट १८४० रोजी मेंडेल्सोननं लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये बाखच्या स्मारकाला निधी मिळावा म्हणून एकट्यानं ऑर्गनवादन केलं, असं आपण वाचतो. हा 'एकट्यानं' शब्द जरा तपासून घ्या. भात्यावरची माणसं थांबली असती, तर मेंडेल्सोनच्या बोटांतून एक सूर निघाला नसता.

सोनाटांच्या प्रस्तावनेत मेंडेल्सोन सांगतो, की प्रत्येक ऑर्गनची तऱ्हा निराळी, म्हणून मी फक्त साधारण परिणाम सुचवतो. नळ्यांचे कोणते संच उघडायचे ते वादकानं ठरवावं. म्हणजे रचनाकारानं वादकाला निर्मितीत वाटा दिला, तोही लेखी. वारा घालणाऱ्याच्या वाट्याला मात्र ओळ नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजली आहेत. कर्ता त्या पाचांतलं फक्त एक. इतिहास लिहिताना आपण बहुधा तेवढं एकच धरतो आणि बाकीची चार सोडून देतो. म्हणून पुढच्या वेळी असा सोनाटा ऐकाल तेव्हा रचना कोणाची, वादन कोणाचं, हे विचाराच; पण हा वारा कोणाचा, हेही विचारा. कार्यक्रमपत्रिकेत ते नाव सापडणार नाही. तरी विचारायला हवं, कारण सूर त्याच्याच दमावर उभा होता.