संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

अमेरिकेतल्या शाळेच्या पिवळ्या बसला खिडक्या फार असतात. चाळीस फुटी मोठ्या बसला एकेका बाजूला बारा-तेरा, म्हणजे दोन्ही बाजू मिळून पंचविसाच्या आसपास. मुलांना शाळेत न्यायचं असेल तर उत्तमच. पण निवृत्त झालेली अशी बस विकत घेऊन कोणी तिचं घर करायला घेतलं (इकडे अशा बसघराला 'स्कूली' म्हणतात), की त्याच पंचवीस खिडक्या डोक्याला ताप होतात. थंडीत ऊब जाते, उन्हाळ्यात ऊन घुसतं, आणि पावसात पाणी. आमच्या शेजारी मागचं वर्षभर असं एक घर आकार घेत होतं, त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यात जाऊन बसला. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "अगं, चांगलं घर असताना माणसं बसमध्ये का राहायला जातात?" ते मला काही नीट सांगता आलं नाही. खिडक्यांचं मात्र बरंच काही सांगता येईल.

तर, खिडकीच्या आधी पडदा होता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावची वेन वर्क्स ही कंपनी शाळेसाठी घोडागाड्या बनवायची. त्यांना 'किड हॅक' म्हणत. दोन्ही बाजूंना लांब बाकं, वर छप्पर, बाजूला गुंडाळून ठेवायचे ताडपत्रीसारखे पडदे. चढायचं दार मागे. का, तर पोरांच्या गलक्याने घोडे बुजू नयेत म्हणून! घोडे गेले, इंजिन आलं, तरी मागचं दार गेलं नाही. आजच्या बसचा मागचा संकटकालीन दरवाजा हा त्याच दाराचा पणतू. हे दार लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोटारी आल्यावरही बरीच वर्षं बसचं अंग लाकडीच होतं. जॉर्जियातल्या फोर्ट व्हॅली गावात आल्बर्ट ल्यूस नावाचे फोर्ड गाड्यांचे विक्रेते होते. त्यांनी एका गिऱ्हाइकाला दिलेली लाकडी अंगाची बस खराब रस्त्यांवर खिळखिळी झाली, तेव्हा त्यांनी १९२७ मध्ये पोलादी सांगाड्याची बस स्वतःच बनवली. त्यातूनच पुढे ब्लू बर्ड कंपनी उभी राहिली. पोलादी सांगाड्याचा खिडकीशी संबंध असा, की डुलणाऱ्या, कुरकुरणाऱ्या लाकडी चौकटीत काच टिकत नाही. अंग घट्ट झालं तेव्हा पडद्याच्या जागी काच सुखाने बसली.

मग १९३९. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर नावाचे ग्रामीण शिक्षणाचे प्राध्यापक होते. देशभरात मुलांची ने-आण कशी होते याची त्यांनी पाहणी केली, तर कुठे ट्रक, कुठे घोडागाडी, कुठे मुलांत देशभक्ती जागी व्हावी म्हणून लाल-पांढऱ्या-निळ्या रंगात रंगवलेल्या बस, असा सगळा आनंदच होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी सगळ्या, म्हणजे तेव्हाच्या ४८, राज्यांच्या प्रतिनिधींना आणि बस व रंग बनवणाऱ्यांना न्यूयॉर्कला एकत्र बसवलं. सात दिवसांत ४४ मानकं ठरली. त्यांतलं पिवळ्या रंगाचं मानक जगाला माहीत आहे. भिंतीवर लिंबापासून गडद नारिंगीपर्यंतच्या छटा लावून त्यातली एक निवडली होती. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात गाडी दिसावी आणि तिच्यावरची काळी अक्षरं वाचता यावीत, हा हेतू. पण मला जास्त महत्त्वाची वाटतात ती बसच्या अंगाची मापं... लांबी, छताची उंची, बाकांमधली वाट. मापं ठरली म्हणूनच हजारो बस एका घडणीच्या झाल्या, आणि म्हणूनच आज कुठल्याही राज्यातली जुनी बस उघडली तरी आत साधारण काय सापडणार हे सुताराला आधीच कळतं.

सापडतं ते असं. एका बाजूच्या तळापासून छतावरून दुसऱ्या बाजूच्या तळापर्यंत जाणाऱ्या पोलादी कमानी, बरगड्यांसारख्या. दोन बरगड्यांच्या मध्ये एक खिडकी. खिडकीला ॲल्युमिनियमची चौकट आणि दोन तावदानं. खालचं पक्कं, वरचं दोन्ही बाजूंचे खटके चिमटीत दाबून खाली सरकणारं. उघडते ती वरची अर्धी बाजू, कारण खालून उघडली तर पहिलीतलं पोर डोकं बाहेर काढणार हे ठरलेलं. वारा डोक्यावरून येतो, पोर आतच राहतं. आपल्या एसटीच्या खिडकीला आडवे गज असत, त्यामागचं दुखणं हेच. एसटीचं आठवायचं कारण आणखी एक आहे, ते पुढे येईल.

आता हे राहण्याचं प्रकरण. बसमध्ये संसार थाटणं हे हिप्पींचं डोकं, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. लेखक केन केसीने १९६४ मध्ये ती प्रसिद्ध 'फर्दर' बस विकत घेतली, तेव्हा ती आधीच घर झालेली होती! कॅलिफोर्नियातल्या एका भल्यामोठ्या कुटुंबाच्या बापाने सहलींसाठी तिच्यात झोपायच्या फळ्या आणि स्वयंपाकाची सोय करून घेतली होती. केसीच्या टोळीने तिला रंग फासले, छताला भोक पाडलं आणि न्यूयॉर्कची वारी केली. ते जगाला आठवतं, फळ्या ठोकणारा बाप कोणाला आठवत नाही. गंमत म्हणजे ती बस १९३९ च्या घडणीची होती. सायर यांची परिषद झाली तेच वर्ष.

केसीची टोळी भर जूनमध्ये निघाली होती. थंडीशी खरी गाठ पडली ती दुसऱ्या मंडळींची. १९७० च्या ऑक्टोबरात स्टीफन गॅस्किन यांच्या मागोमाग सॅन फ्रान्सिस्कोहून जुन्या शाळा-बसचा मोठा तांडा निघाला, देशभर फिरला आणि १९७१ मध्ये टेनेसीतल्या समरटाउनजवळ जमीन घेऊन थांबला. तीच 'द फार्म' नावाची वसाहत. घरं बांधून होईपर्यंत बरीच माणसं बसमध्ये आणि लष्करी तंबूंमध्ये राहिली. बाळंतपणंसुद्धा बसमध्ये झाली. प्रवासाला म्हणून घेतलेली गाडी हिवाळ्यात एका जागी उभी राहिली, की तिच्या खिडक्या काय चीज आहेत ते कळतं.

काय कळतं ते थोडं आकड्यांत सांगते, कंटाळू नका. उष्णता अडवण्याचं माप इकडे 'आर' या अक्षराने सांगतात. एकेरी काचेचा आर जेमतेम १, दोन इंच जाड एक्सपीएस फोमच्या पाटीचा १०. म्हणजे तेवढ्याच जागेतून काच दसपट ऊब घालवते. शिवाय थंड काचेला घाम येतो. दोन माणसं रात्रभर झोपली तर श्वासातून आणि अंगातून अर्धा लिटरच्या पुढे पाणी हवेत सोडतात. त्यात प्रोपेनची उघडी शेगडी असेल तर एक किलो गॅस जळून दीड किलोहून जास्त वाफ होते. हे सगळं पाणी सकाळी काचेवर, तिथून चौकटीत, चौकटीतून भिंतीत. बसवाल्यांनी भिंतीत घातलेला काचलोकरीचा थर उघडून पाहिला की अनेकदा ओला नाहीतर बुरसलेला निघतो, आणि त्यामागचा पत्रा गंजलेला.

शेजारचे आजोबा (आमच्या मुली त्यांना आजोबाच म्हणतात, आणि त्यांना ते कळतं) हे निवृत्त सुतार. त्यांची बस १९९८ ची. गेल्या सप्टेंबरात त्यांनी सगळ्या खिडक्या काढल्या. आतून स्क्रू काढायचे, चौकट अलगद बाहेर ढकलायची, वाळून दगड झालेलं जुनं सीलंट खरवडायचं, गंज घासून रंग लावायचा, ब्यूटाइल टेपची नवी पट्टी लावून चौकट परत बसवायची. एका खिडकीला अर्धा दिवस. टेपचा कागद सोलून हातात द्यायचं काम माझ्याकडे होतं. चौकटीच्या तळाला पाणी बाहेर जायला बारीक चिरा असतात. उत्साहाच्या भरात त्यांवरही सीलंट फासणारे लोक आजोबांच्या मते गाडी आतून बुडवतात.

मग पट्ट्यांचं काम. घराच्या खिडकीला लाकडी पट्टी म्हणजे शोभा, बसच्या खिडकीला ती अंगरखा असते. पोलादी बरगडी आतबाहेर सलग असल्यामुळे थंडी तिच्यातून सरळ आत येते. फोम फक्त दोन बरगड्यांच्या मध्ये भरला तर प्रत्येक बरगडीवर दवाची उभी रेघ उमटते. म्हणून आजोबांनी आधी बरगडीवर फोमची पातळ पट्टी चिकटवली, तिच्यावर पाइनची फळी, आणि खिडकीच्या बाजूंना उतरती लाकडी चौकट, खालची फळी किंचित आतल्या बाजूला उतरती, म्हणजे घामाचं पाणी फडक्याने टिपता येतं, मागे भिंतीत जात नाही. दोन खिडक्यांची मापं सारखी निघतील तर शपथ. कारखान्यात सारखी असतील, वीस वर्षं खड्ड्यांतून गेल्यावर नाहीत. प्रत्येक पट्टी वेगळी मापून, रंधून बसवावी लागली.

रात्रीसाठी फोमच्या पाट्या कापडात शिवून काचेत दाबून बसवायच्या. चकचकीत बुडबुड्यांचा चंदेरी कागद बरेच लोक काचेला चिकटवतात, पण त्याच्यापुढे हवेची पोकळी नसेल तर तो थंडीला विशेष काही करत नाही. कापडात लोहचुंबक शिवणारेही आहेत. ते ॲल्युमिनियमच्या चौकटीला चिकटत नाहीत, मधल्या पोलादी खांबाला चिकटतात.

आता मुद्द्यावर येते. या सगळ्या कटकटीवर हल्ली सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे खिडकी बुजवणे. काच काढा, बाहेरून पत्रा रिव्हेट करा, आतून फोम भरा. छत उंच करणारे तर खिडक्यांच्या खांबांतूनच बस आडवी कापतात आणि पुढे हव्या तेवढ्याच काचा ठेवतात. ऊब राहते, कपाटं मावतात, लोकांच्या नजराही चुकतात. यात वाईट काही नाही. आजोबांनीही बऱ्याच बुजवल्या. पण कुठली बुजवायची आणि कुठली नाही, हा नुसता थंडीचा हिशेब नाही.

१४ मे १९८८ ची रात्र. केंटकीतल्या रॅडक्लिफ गावच्या एका चर्चची बस मुलांना करमणूक बागेतून परत आणत होती. ती शाळेतून निवृत्त झालेली, चर्चने जुनी विकत घेतलेली बस होती. कॅरोल्टनजवळ महामार्गावर दारू प्यायलेल्या माणसाचा पिकअप ट्रक उलट्या दिशेने येऊन तिच्यावर आदळला. बसमध्ये ६७ जण होते. धडकेने कोणी मेलं नाही. पण इंधनाची टाकी फुटून आग लागली, पुढचं दार निकामी झालं, आणि सगळे जण अरुंद वाटेने मागच्या दाराकडे धावले. तेच ते घोडागाडीचं दार. वाटेत खाण्यापिण्याचा थंड पेटारा ठेवलेला होता. खिडक्यांची फक्त वरची अर्धी तावदानं उघडणारी, मुलांना आत ठेवण्यासाठीच केलेली. २७ जण गेले, त्यातली बहुतेक मुलंच.

याहून चटका लावणारी गोष्ट तारखेची. १ एप्रिल १९७७ पासून शाळा-बससाठी नवे कडक नियम लागू झाले होते. इंधनाच्या टाकीला संरक्षण हवं, बाकं मजबूत हवीत, बसच्या रिकाम्या वजनाच्या दीडपट भार छतावर ठेवला तरी संकटकालीन दारं-खिडक्या उघडता आल्या पाहिजेत. या बसचा सांगाडा तयार झाला २३ मार्च १९७७ ला. नऊ दिवस आधी.

त्यानंतर केंटकीने शाळा-बसला बाहेर पडण्याचे नऊ मार्ग सक्तीचे केले. १९९२ मध्ये देशाचे नियमही बदलले. जितकी माणसं जास्त, तितके मार्ग जास्त. आजच्या बसमध्ये काही खिडक्या अख्ख्या चौकटीसकट बाहेर ढकलता येतात, छतात झडपा असतात, त्या या नियमांच्या. एसटीत खिडकीवर 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लिहिलेलं आपण सगळ्यांनी लहानपणी शंभरदा वाचलंय आणि कधीच वाचलेलं नाही.

पण बस शाळेतून निवृत्त झाली की हे नियम गळून पडतात. रंगसुद्धा अनेक राज्यांत बदलावा लागतो, म्हणजे ती शाळेची नाही हे लांबून कळावं. पुढे घर कसं करायचं हे बरंचसं मालकाच्या शहाणपणावर. आणि बहुतेक मालक पलंग कुठे टाकतात? मागच्या दाराला चिकटवून! वर गाडीत लाकूड, फोम, गॅस, लाकडाची शेगडी. माझं आणि आजोबांचं यावरून दोन दिवस वाजलं. त्यांच्या आराखड्यात नातवंडांच्या दोन फळ्या मागेच होत्या, आणि ढकलायच्या दोन खिडक्या बुजवायच्या यादीत. कॅरोल्टनची हकिगत त्यांना माहीत होती. त्यांची स्वतःची मुलं तेव्हा शाळेत होती. ते काही बोलले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी आराखडा बदललेला दिसला.

फळ्या एका बाजूला सरकल्या, मागच्या दारापर्यंत दोन फुटांची वाट मोकळी राहिली. चोवीसपैकी चौदा खिडक्या बुजल्या, पण ढकलायच्या दोन्ही शिल्लक, आणि दोन्ही फळ्यांच्या उशाशी. त्या खिडक्यांच्या पट्ट्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. इथे लाकूड तावदानावर जराही चढून चालत नाही, नाहीतर खिडकी अडकते. मूठ फळीच्या मागे दडता कामा नये, अंधारात हात पोचला पाहिजे. थंडीची पाटी एका हिसक्यात निघाली पाहिजे, म्हणून तिला कापडाचा जाड फासा शिवला. तो मी शिवला, लाल रंगाचा.

त्या खिडक्यांना एक भोंगाही असतो. मूठ फिरली की चालकाजवळ कर्कश वाजतो. बसघरवाले पहिल्याच आठवड्यात त्याची तार तोडतात. आजोबांनी तोडली नाही. नोव्हेंबरात त्यांची धाकटी नात, वय वर्षं सहा, फळीवर आडवी होऊन मूठ फिरवायचा सराव करत होती आणि अख्ख्या गल्लीला तो भोंगा ऐकू येत होता. आठव्या खेपेला तिला ती एका हाताने फिरवता आली.