चिकाटी म्हणजे काय रे भाऊ? – एका सुताराच्या घड्याळाची गोष्ट

यश, जिद्द आणि चिकाटी या विषयावरचे फॉरवर्ड्स कुणालाच चुकलेले नाहीत. पूर्वी ई-मेलने यायचे, आता व्हॉट्सॲपवर येतात. मजकूर तोच! त्यातला हमखास येणारा हिरो म्हणजे एडिसन. विजेचा दिवा बनवताना म्हणे तो दहा हजार वेळा फसला. कधी हा आकडा एक हजार असतो, कधी दोन हजार. फॉरवर्ड करणाऱ्याच्या उत्साहावर ते अवलंबून असावं.

गंमत म्हणजे या गोष्टीचं मूळ १९१० साली आलेल्या एडिसनच्या चरित्रात सापडतं आणि तिथे दिव्याचा काही संबंधच नाही. वॉल्टर मॅलरी नावाच्या सहकाऱ्याची ती आठवण आहे. नव्या प्रकारची विजेची बॅटरी बनवताना नऊ हजारांवर प्रयोग झाले होते, तेव्हाची. एवढं करून हाती काहीच नाही, असं मॅलरी म्हणाला. त्यावर एडिसनचं उत्तर होतं की निष्पन्न कसं नाही, काय काय चालत नाही ते तरी कळलं ना! पुढे बॅटरीचा दिवा झाला आणि नवाचे दहा झाले. असो.

माझी तक्रार आकड्याबद्दल नाही. असल्या गोष्टींतून चिकाटी म्हणजे 'एकच भिंत डोकं फुटेपर्यंत धडकत राहणे' असं काहीतरी मनात बसतं, तिच्याबद्दल आहे. म्हणून आज जॉन हॅरिसन नावाच्या एका इंग्रज सुताराची गोष्ट. चाळीसहून जास्त वर्षं एकाच प्रश्नामागे लागलेला हा माणूस. पण त्याची चिकाटी जरा वेगळ्या जातीची होती.

आधी प्रश्न समजून घेऊ. समुद्रात चहूकडे पाणी. आपण नक्की कुठे आहोत? अक्षांश काढणं त्यामानाने सोपं, दुपारचा सूर्य किंवा ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे ते मोजलं की झालं. घोडं अडतं ते रेखांशापाशी. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, म्हणजेच एका अंशाला ४ मिनिटं. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. ८२.५ ला १५ ने भागा, साडेपाच येतात. तेच आपलं ग्रीनिचच्या पुढे साडेपाच तास. मुंबई त्या रेषेच्या बरीच पश्चिमेला, म्हणून मुंबईची स्वतःची 'बॉम्बे टाइम' नावाची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, आणि ती १९५५ पर्यंत शहरात वापरातही होती!

थोडक्यात वेळ म्हणजेच रेखांश. जहाजावर स्थानिक दुपारचे बारा सूर्यावरून कळतात. त्याच क्षणी लंडनला किती वाजलेत एवढं कळलं की झालं काम. मग लंडनची वेळ लावलेलं एक घड्याळ सोबत न्यायचं, बस्स! सांगायला किती सोपं. पण त्या काळातली चांगली घड्याळं लंबकाची, आणि डोलणाऱ्या जहाजावर लंबकाचं काय होणार ते सांगायला नको. शिवाय उष्ण कटिबंधात गेलं की धातू प्रसरण पावणार, तेल पातळ होणार, थंडीत तेच तेल घट्ट होणार.

२२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री ॲडमिरल क्लाउडस्ली शॉव्हेलच्या ताफ्यातली चार जहाजं सिली बेटांजवळच्या खडकांवर आपटून बुडाली. चौदाशे ते दोन हजार माणसं मेली. या अपघाताला एकटा रेखांशच जबाबदार नव्हता असं अभ्यासक आता म्हणतात, पण आपण कुठे आहोत याचा अंदाज पार चुकला होता हे खरंच. १७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून बक्षीस लावलं. एका अंशाच्या आत रेखांश सांगणाऱ्याला १०,००० पौंड, ४० कलांच्या आत १५,००० आणि अर्ध्या अंशाच्या आत २०,००० पौंड. पाहायला नेमलेल्या मंडळाचं नाव बोर्ड ऑफ लाँगिट्यूड, आपण रेखांश मंडळ म्हणू.

आता या स्पेसिफिकेशनकडे जरा इंजिनिअरच्या नजरेने बघा. अर्धा अंश म्हणजे २ मिनिटं. वेस्ट इंडीजचा प्रवास साधारण सहा आठवड्यांचा. म्हणजे घड्याळाला दिवसाला जेमतेम ३ सेकंद चुकायची मुभा, तीही हलत्या जहाजावर. खुद्द न्यूटनने पार्लमेंटच्या समितीला सांगितलं होतं की तत्त्वतः हे शक्य आहे, पण असं घड्याळ अजून कुणी बनवलेलं नाही. विद्वानांचा भरवसा आकाशावर होता. चंद्र ताऱ्यांमधून सरकतो, तेव्हा चंद्रालाच घड्याळाचा काटा मानायचं आणि तक्ते वापरून वेळ काढायची.

आणि इथे आपला हिरो प्रवेश करतो. हॅरिसनचा जन्म १६९३ चा, यॉर्कशायरमधल्या फाउल्बी गावचा. बाप सुतार, हाही सुतार. वयाच्या विशीत त्याने जवळजवळ पूर्ण लाकडी घड्याळ बनवलं. १७२२ च्या सुमारास ब्रॉकल्सबी पार्क इथल्या मनोऱ्यासाठी त्याने घड्याळ केलं, त्याला तेल लागतच नाही. लिग्नम व्हिटे हे लाकूड मुळातच तेलकट, ते त्याने फिरत्या भागांना वापरलं. घड्याळाच्या तेलाने त्रास होतो ना? मग चांगलं तेल शोधण्याऐवजी तेलच काढून टाकलं! पितळ आणि पोलाद यांच्या कांड्या आलटून पालटून लावून त्याने असा लंबक केला की एकाचं प्रसरण दुसऱ्याने रद्द होतं. भाऊ जेम्सच्या मदतीने बनवलेली अशी घड्याळं महिन्याला एखाद्या सेकंदाच्या आत चालायची.

१७३० मध्ये हा लंडनला गेला आणि राजज्योतिषी एडमंड हॅलीला भेटला (हो, धूमकेतूवाला). हॅलीने त्याला जॉर्ज ग्रॅहम या त्यावेळच्या नामांकित घड्याळजीकडे पाठवलं. ग्रॅहमने या अनोळखी सुताराचं म्हणणं ऐकून घेतलं आणि वर पैसेही उसने दिले. त्यातून १७३५ मध्ये तयार झालं ते एच-१. वजन ३४ किलो, लंबकाऐवजी स्प्रिंगांनी जोडलेले दोन दांडे. जहाज डोललं तरी एकाची चूक दुसरा भरून काढणार. १७३६ मध्ये ते लिस्बनला जाऊन आलं. परतीच्या वाटेवर किनारा दिसला तेव्हा जहाजाच्या मास्टरला ते एक ठिकाण वाटलं, हॅरिसनने सांगितलं की नाही, हा लिझर्ड पॉइंट आहे. हॅरिसन बरोबर होता, आणि फरक थोडाथोडका नाही, साठ मैलांच्या वर!

आता पुढचं बघा. १७३७ मध्ये रेखांश मंडळाची बैठक बसली. मंडळी खूश होती. हॅरिसनने वेस्ट इंडीजच्या अधिकृत चाचणीची मागणी केली असती तर बहुधा मिळाली असती. आपण असतो तर काय केलं असतं? डेमो चांगला झालाय, क्लायंट हसतोय, गप्प बसून सही घ्यायची! या पठ्ठ्याने उभं राहून स्वतःच्याच घड्याळातले दोष वाचून दाखवले आणि याहून चांगलं बनवायला पैसे द्या म्हणाला.

एच-२ झालं १७३९ च्या सुमारास. त्याच्या रचनेत हॅरिसनलाच एक दोष सापडला, जहाज वळलं की दांड्यांच्या गतीवर परिणाम होत होता. हे घड्याळ त्याने समुद्रावर जाऊच दिलं नाही. मग एच-३. १७४० मध्ये सुरुवात केली आणि काम चाललं तब्बल १९ वर्षं. ७५३ भाग. तापमानासाठी त्याने पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींना जोडून द्विधातूची पट्टी शोधली. तुमच्या घरच्या साध्या इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये हेच तत्त्व असतं. घर्षण कमी करायला पिंजऱ्यातल्या रोलरचं बेअरिंग काढलं. आजच्या बॉल-बेअरिंगचं ते पूर्वज. आणि एवढं करूनही एच-३ हवं तसं वेळ दाखवेना!

फॉरवर्डमध्ये असता तर हॅरिसन पुढची दहा वर्षं एच-३ लाच चिकटून बसला असता आणि एका सकाळी चमत्कार झाला असता. खरं काय झालं? १७५३ मध्ये त्याने जॉन जेफ्रीज नावाच्या कारागिराकडून स्वतःसाठी खिशातलं घड्याळ बनवून घेतलं, रचना हॅरिसनची. खिशातली घड्याळं तेव्हा अगदीच बेभरवशाची समजली जात. पण हे मात्र अपेक्षेपेक्षा फारच चांगलं चाललं. हॅरिसनच्या लक्षात आलं की मोठं आणि संथ यंत्र हा रस्ताच चुकीचा. छोटं चक्र वेगाने फिरत असेल तर जहाजाचे धक्के त्याला फारसे जाणवत नाहीत. तेव्हा त्याचं वय साठ. आयुष्याची वीसेक वर्षं ज्या दिशेला घातली ती दिशाच सोडून त्याने नव्याने सुरुवात केली. १७५९ मध्ये एच-४ तयार झालं. व्यास १३ सेंटिमीटर, वजन दीड किलोच्या आत, दिसायला एक फुगलेलं खिशातलं घड्याळ. सेकंदाला पाच टोले.

मला विचाराल तर सगळ्या गोष्टीतला सगळ्यात अवघड क्षण हाच. प्रश्नाला चिकटून राहायचं, पण उत्तराला नाही. आपण लिहिलेलं पाचशे ओळींचं मॉड्यूल फेकून द्यायचं म्हटलं तरी आपला जीव वरखाली होतो, इथे तर १९ वर्षं होती.

१८ नोव्हेंबर १७६१ ला मुलगा विल्यम एच-४ घेऊन जमैकाला निघाला. वाटेत मदीरा बेटांजवळ कप्तानाच्या आणि घड्याळाच्या हिशोबात सुमारे दीड अंशाचा फरक पडला, घड्याळ खरं ठरलं. जमैकाला पोचल्यावर ८१ दिवसांची एकूण चूक निघाली ५.१ सेकंद! म्हणजे समुद्रावर सव्वा मैलाच्या आसपास.

मंडळाने पैसे दिले नाहीत.

इथे हॅरिसनच्या बाजूने चिडणं सोपं आहे, पण मंडळाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. जमैकाचा रेखांश तरी तेव्हा नक्की कुठे माहीत होता? मग घड्याळ बरोबर की नशीब बरोबर? म्हणून १७६४ मध्ये बार्बाडोसची दुसरी चाचणी झाली. ४७ दिवसांत चूक ३९.२ सेकंद, म्हणजे दहा मैलांच्या आत. अट तीस मैलांची होती. तिथे चंद्राच्या पद्धतीची चाचणी घ्यायला गेलेला नेव्हिल मॅस्केलिन १७६५ मध्ये राजज्योतिषी झाला आणि पदसिद्ध म्हणून मंडळावर बसला. थोडक्यात, स्पर्धकच परीक्षक!

मग नवा कायदा आला. घड्याळ उघडून सगळं समजावून सांग, म्हणजे निम्मे पैसे. उरलेले निम्मे तशीच आणखी घड्याळं बनवता येतात हे सिद्ध झाल्यावर. हॅरिसनला हा विश्वासघात वाटला. पण 'माझ्या मशीनवर चालतंय' हे उत्तर कुठल्याच टेस्टिंगवाल्याला चालत नाही, आणि जगात एकच नग असलेलं घड्याळ नौदलाच्या शेकडो जहाजांना काय कामाचं? वागणूक मात्र नक्कीच वाईट होती. १७६६ मध्ये घड्याळं ग्रीनिचला नेताना एच-१ हमालांच्या हातून पडलं. एच-४ ची दहा महिने तपासणी करून मॅस्केलिनने प्रतिकूल अहवाल दिला.

लार्कम केंडलने एच-४ ची हुबेहूब नक्कल केली. के-१ हे तिचं नाव, किंमत ४५० पौंड. कॅप्टन कुकने ती दुसऱ्या सफरीवर (१७७२ ते १७७५) नेली आणि तिची मनापासून स्तुती केली. इकडे म्हाताऱ्या हॅरिसनने एच-५ बनवलं. ते १७७२ मध्ये राजा तिसऱ्या जॉर्जने स्वतःच्या वेधशाळेत दहा आठवडे तपासलं, चूक दिवसाला एक तृतीयांश सेकंदाच्या आत. राजाने शब्द टाकला आणि १७७३ मध्ये पार्लमेंटने ८,७५० पौंड मंजूर केले. आधीचे धरून एकूण २३ हजारांच्या आसपास मिळाले. पण रेखांश मंडळाचं ते मोठं बक्षीस हॅरिसनलाच काय, कुणालाच कधी मिळालं नाही! २४ मार्च १७७६ ला, ८३ व्या वर्षी हॅरिसन गेला.

मॅस्केलिनलाही खलनायक ठरवून मोकळं होऊ नये. त्याने १७६७ पासून सुरू केलेलं नाविक पंचांग स्वस्त होतं आणि ४५० पौंडांचं घड्याळ परवडत नाही अशा कितीतरी जहाजांना त्याने वाट दाखवली. घड्याळं स्वस्त झाल्यावर मात्र चंद्र मागे पडला.

हॅरिसनची पहिली तीन समुद्री घड्याळं पुढे धूळ खात पडली होती. १९२० मध्ये रूपर्ट गोल्ड नावाच्या नौदल अधिकाऱ्याला ती दिसली आणि त्याने तेरा वर्षं खपून ती दुरुस्त केली. ग्रीनिचच्या वेधशाळेत ती बघायला मिळतात. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनच्या शेजारपाजारी हॅरिसनच्या नावाची फरशी बसवली गेली ती २००६ मध्ये. तिच्यात दोन धातूंची एक पट्टी आहे आणि तिच्यावर त्या जागेचा रेखांश कोरलाय.

एक शेवटची गोष्ट. मरणाच्या आदल्या वर्षी, १७७५ मध्ये हॅरिसनने एक पुस्तक काढलं. भाषा इतकी किचकट की समीक्षकांनी म्हातारचळ म्हणून उडवून लावलं. त्यात दावा होता की आपल्या पद्धतीचं लंबकाचं घड्याळ शंभर दिवसांत एका सेकंदाच्या आत चालेल. विसाव्या शतकात मार्टिन बर्जेस या कारागिराने त्या पुस्तकातल्या तत्त्वांवर घड्याळ बनवायला घेतलं. २०१५ मध्ये ग्रीनिचला ते सीलबंद पेटीत ठेवून शंभर दिवस चालवलं.

चूक निघाली पाच अष्टमांश सेकंद.