नगाऱ्याचे दोन वारस

होळीच्या आधी भोंगऱ्याचा बाजार भरला की सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर-यावलच्या परिसरात, पावरा बांधवांचे मोठाले ढोल घुमू लागतात. त्या तालावर पावले आपोआप थिरकतात. परंतु चर्मवाद्यांनी माणसाला केवळ नाचविले नाही. रणांगणावरही नेले आहे.

नगाऱ्याचेच उदाहरण घ्या. ‘नक्कारा’ हा मूळ अरबी शब्द. घोड्यावर किंवा उंटावर बांधलेले हे जोडवाद्य सैन्याला इशारा देत असे. पूर्वेकडे ते आपल्या गडांवरील नगारखान्यांत आले. पश्चिमेकडे ते क्रूसयुद्धांच्या काळात, तेराव्या शतकात, युरोपात पोहोचले आणि घोडदळाच्या वाद्यातून पुढे वाद्यवृंदातील टिंपनी झाले. क्यूबा बेटावरील नृत्यवृंदांनी या जड वाद्याला हलके रूप दिले. धातूच्या उथळ अंगाचे, काठ्यांनी वाजवायचे ते जोडवाद्य म्हणजे टिंबालेस. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचे बोंगो व कोंगा तेथे होतेच. या मेळातून उभ्या राहिलेल्या संगीताला जग ‘लॅटिन’ म्हणते. येथे लॅटिन म्हणजे आपल्या जुन्या उपासनेची भाषा नव्हे, तर स्पॅनिश व पोर्तुगीज बोलणारी अमेरिका होय.

सैनिक आणि वादक ही नगाऱ्याची दोन्ही नाती एकाच माणसात एकवटली. पोर्तो रिकोहून आलेल्या आईबापांच्या पोटी १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला टिटो प्युएन्ते दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलात होता. सुमारे तीन वर्षे त्याने ‘सँटी’ या विमानवाहू युद्धनौकेवर काढली. परतलेल्या सैनिकांसाठी सरकारने दिलेल्या सवलतीतून तो जुलियार्ड या विख्यात संस्थेत संगीत शिकला आणि मागे बसणारा टिंबालेसवादक त्याने मंचाच्या अग्रभागी आणला. २००० साली तो निवर्तला.

याच तालांनी मुंबईही गाठली. सी. रामचंद्रांच्या संगीताने गाजलेल्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात बोंगो वाजला आणि हळदोण्याचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–१९६७) आपल्या वृंदासह पडद्यावर दिसले. कावस लॉर्ड या पारशी वादकाने लॅटिन तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजविली. त्यांचे पुत्र केर्सी (१९३५–२०१६) व बर्जोर यांनी तो वारसा चालविला. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकार झळके, गायक झळके; वादकांची नावे मात्र क्वचितच येत.

सैनिकाची स्मृती जपण्याची रीत जगाने निदान शिकून घेतली आहे. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. तुकडीतील बाकीचे जवान मारले गेले किंवा जखमी झाले, तेव्हा त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल करून ते जिंकले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तब्बल ७९ वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, मोंतोने या इटालियन गावाने त्यांच्या नावे छायाघड्याळाच्या रूपात स्मारक उभारले. त्यावरील लॅटिन वचनाचा आशय असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत.

त्या एकाच सूर्याखाली वादकही येतो. सैनिकाने प्राण दिले, वादकाने श्वास आणि हात झिजविले. दोघांचे मोल सारखे, असे मी म्हणत नाही. मात्र ज्याच्या तालावर आपल्या लग्नांत, सणांत दोन पिढ्या नाचल्या, त्याचे नावही न उरणे ही कृतघ्नता होय. धर्मग्रामाच्या मृत्यूच्या नोंदवहीत नाव, तारीख आणि दफनाची जागा असते. त्या हातांनी काय वाजविले याची नोंद नसते.

वाचकहो, २ नोव्हेंबरच्या मिस्सासाठी मृतांच्या नावांची यादी द्याल, तेव्हा सैनिकाच्या नावापुढे त्याची पलटण लिहा आणि वादकाच्या नावापुढे त्याचे वाद्य. खान्देशातल्या लहानशा धर्मग्रामालाही एवढे स्मारक उभारता येईल. त्याला दगड लागत नाही.