धुणं धुणाऱ्या बाईची उंची किती?

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की प्लंबर एक प्रश्न हमखास विचारतो: "ड्राय बाल्कनीत सिंक कुठलं टाकायचं?" शेजारी वॉशिंग मशीन येणार असतं. तरी शर्टाची कॉलर घासायला, बादली भरायला, चिखलाचे बूट धुवायला, फरशीचं फडकं पिळायला एक वेगळं, जरा खोल सिंक लागतंच. मग आपण मोबाइलवर फोटो बघतो, दुकानदार स्टीलची जाडी सांगतो आणि दहा मिनिटांत निर्णय होतो.

या दहा मिनिटांच्या निर्णयामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि आज मला तोच सांगायचाय. कारण या सगळ्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. धुण्याची जागा ठरवतो एक माणूस आणि तिथे रोज उभा राहतो, किंवा वाकतो, तो दुसराच. आणि हा दुसरा माणूस बहुतेक वेळा बाई असतो.

चला, आधी इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला जाऊ. साल १८३२. शहरात कॉलऱ्याची साथ आलीय. हा रोग पाण्यातून पसरतो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. जॉन स्नोने लंडनमधल्या पंपाचं प्रकरण मांडलं ते १८५४ मध्ये, आणि रॉबर्ट कॉखने कॉलऱ्याचा जंतू दाखवला तो तर १८८४ च्या आसपास. त्यामुळे १८३२ साली डॉक्टरसुद्धा अंधारातच चाचपडत होते.

बंदराजवळच्या गल्ल्यांमध्ये एकेका खोलीत अख्खं कुटुंब राहायचं. घरात रुग्ण असला की त्याचे कपडे, चादरी, पांघरुणं घाण व्हायची. ती धुवायची कुठे? घरात नळ नाही, पाणी तापवायला मोठं भांडं नाही, वाळत घालायला जागा नाही. आणि टाकून द्यायची तर दुसरी चादर होती कुणाकडे?

त्याच वस्तीत किटी विल्किन्सन नावाची बाई राहत होती. जन्म १७८६ चा, आयर्लंडमधल्या डेरी गावचा. लहानपणी सूतगिरणीत काम केलेलं, पुढे लोकांची धुणी धुऊन पोट भरलेलं. तिच्या घरी पाणी उकळायचं मोठं भांडं होतं. तिने शेजाऱ्यांना सांगून टाकलं, या माझ्याकडे, इथे धुवा. आठवड्याला एक पेनी घ्यायची. कपडे उकळायचे आणि क्लोराइड ऑफ लाइम वापरायचं, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरचीच जात. जंतू हा शब्द माहीत नसताना तिने जंतू मारायची बरोबर पद्धत वापरली, ती निव्वळ धुण्याच्या अनुभवावर.

शहरातल्या काही श्रीमंत कुटुंबांनी तिला मदत केली आणि पुढे नगरपालिकेला हे पटलं. १८४२ मध्ये लिव्हरपूलच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक धुलाईघर आणि स्नानगृह उघडलं, आणि काही वर्षांनी त्याचा कारभार किटी आणि तिचा नवरा टॉम यांच्याकडे आला. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदाच केला, की स्थानिक करांच्या पैशातून अशी धुलाईघरं बांधता येतील. त्याच वर्षी किटीला राणीच्या नावाने चांदीची किटली भेट मिळाली. आणि लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये, जिथे सगळे पुतळे पुरुषांचेच होते, तिथे २०१२ मध्ये तिचा पुतळा बसला. त्या दालनातला बाईचा हा पहिलाच पुतळा.

या गोष्टीत एक बारकावा आहे बघा. धुलाईघरात काय काय हवं, हे तिथे आधी स्वतः धुणं धुतलेल्या बाईला ठाऊक होतं: गरम पाणी, खोल भांडं, घाण पाणी वाहून जायला वाट आणि वाळवायला जागा. आजच्या ड्राय बाल्कनीची यादी तरी याहून वेगळी कुठे आहे?

आता लिव्हरपूलहून आपल्याकडे येऊ. आपल्याकडे धुण्याचा प्रश्न दोन ठिकाणी सुटायचा. एक नदीच्या किंवा तलावाच्या घाटावर आणि दुसरा घरातल्या मोरीत. दुसऱ्यांचे कपडे धुणं हे गावगाड्यात परिटाचं काम होतं. तो बलुतेदार. म्हणजे कुणाच्या मळाला कुणी हात लावायचा, हेही जातीने ठरवून ठेवलेलं. संत गाडगेबाबा याच परीट समाजातले. मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० च्या सुमाराला उभा राहिला. दगडी हौदांच्या रांगा आणि प्रत्येक हौदापाशी कपडे आपटायचा दगड. रेल्वेच्या पुलावरून पर्यटक आजही त्याचे फोटो काढतात. फोटोत दिसत नाही ती गोष्ट म्हणजे दिवसभर पाण्यात उभं राहणारे पाय आणि वाकलेली पाठ.

आणि मोरी? तुमच्यापैकी जे चाळीत वाढले त्यांना सांगायला नको. खोलीचा एक कोपरा, त्याला वीतभर उंचीचा कट्टा, थोडी उतरती फरशी आणि भिंतीत पाणी जायला एक भोक. तिथेच आंघोळ, तिथेच भांडी, तिथेच धुणं. माझ्या आजीची गिरगावातली मोरी अशीच होती. उकिडवं बसून ती एका हाताने कपडा धरायची, दुसऱ्या हाताने घासायची आणि मधूनच उठून दूध उतू जातंय का ते बघायची. मोरीतून गॅसपाशी आणि गॅसपाशी पुन्हा मोरीत. दिवसभरात ती किती वेळा उठली-बसली असेल, ते कुणी कधी मोजलं नाही.

मुंबईत नळाचं पाणी यायला विहार तलावापासून सुरुवात झाली, १८६० मध्ये. मग तुळशी १८७९ मध्ये आणि तानसा १८९२ मध्ये. पाणी आलं, पण ते वाहून नेणारी गटारं त्या वेगाने आली नाहीत. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, सांडपाण्यातून नव्हे. पण दाटी, ओल आणि साचलेलं पाणी हे प्रश्न त्या निमित्ताने सरकारच्या डोळ्यांवर आले आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. त्यानंतर घर बांधताना पाणी जाणार कुठून, हा प्रश्न आधी विचारला जाऊ लागला.

इथेच एक शब्द सापडतो आणि मला तो फार आवडतो. बाथरूमच्या फरशीत जाळीखाली जो ट्रॅप बसवतात, त्याला भारतभरचे प्लंबर काय म्हणतात? नहाणी ट्रॅप. काही जण तर सरळ नानी ट्रॅप म्हणतात! ही नहाणी म्हणजे आपली न्हाणी. चाळीतली न्हाणी गेली, पण तिचं नाव प्लंबिंगच्या दुकानात आजही चालतं.

ट्रॅपचं तत्त्व मात्र त्याहून जुनं. पाइपला वळण द्यायचं, म्हणजे त्यात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटाराचा वास वर येत नाही. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये संडासासाठी अशा वळणाचं पेटंट घेतलं होतं. तुमच्या ड्राय बाल्कनीत वास येतोय? महिनाभर नळ सोडला नसेल तर ते पाणी आटलेलं असतं. एक तांब्या पाणी ओता, बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

तर पाणी आलं, पाणी जायची वाटही झाली. उरली ती पाठ. तिचा विचार मोठ्या प्रमाणावर सुरू झाला अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. तिथल्या घरांच्या तळघरात किंवा स्वयंपाकघरात कपड्यांसाठी दोन खोल टाक्या शेजारी शेजारी असायच्या, एक धुवायला आणि एक खळबळायला. विजेचं मशीन आलं तरी टाकी गेली नाही, कारण मशीनचं साबणाचं पाणी सोडायला तीच लागायची. आज आपण ज्याला युटिलिटी सिंक म्हणतो, ते याच टाकीचं नातवंड.

त्या काळात क्रिस्टीन फ्रेडरिक नावाची लेखिका घरकामाचा अभ्यास करत होती. कारखान्यात कामगाराच्या हालचाली मोजतात, मग घरात का नाही, हा तिचा सवाल. १९१३ मध्ये तिचं 'द न्यू हाउसकीपिंग' हे पुस्तक आलं. त्यात तिने एक साधी गोष्ट ठासून सांगितली: सिंक आणि टेबल काम करणाऱ्या बाईच्या उंचीप्रमाणे हवं, नाहीतर ती दिवसभर वाकूनच राहणार. पण पुढे कारखान्यांना तयार कपाटं विकायची होती, मग सगळ्यांसाठी एकच माप रूढ झालं: ३६ इंच. बाई पाच फुटांची असो की पावणेसहा फुटांची, माप तेच.

आपल्याकडेही काही वेगळं झालं नाही. चूल गेली, उभा ओटा आला, मोरी गेली, सिंक आलं. उकिडवं बसणं संपलं, ही मोठीच सुटका. पण ओट्याची उंची ठरवली कुणी? बहुतेक घरांत मिस्त्रीने.

म्हणून आता तुमच्या सिंककडे येते. खोल सिंक छान दिसतं, त्यात बादली मावते, पाणी उडत नाही. पण लक्षात घ्या, आपले हात सिंकच्या काठावर काम करत नाहीत, तळाशी करतात. एक सोपी चाचणी करा. जी व्यक्ती तिथे रोज काम करणार, तिला चपलेशिवाय सरळ उभं करा, हात खाली सोडायला सांगा आणि मूठ जमिनीपासून किती उंचीवर येते ते मोजा. सिंकचा तळ त्याच्या खाली गेला की पाठ वाकलीच.

हिशोब करून बघू. पाच फूट उंचीच्या बाईची मूठ साधारण २५ इंचांवर येते. काठ ३४ इंचांवर आणि सिंक ८ इंच खोल असेल तर तळ २६ इंचांवर, म्हणजे ठीक. त्याच काठावर १२ इंच खोल सिंक घेतलं तर तळ जातो २२ वर. तीन इंच खाली, रोज, वर्षानुवर्षं. १२ इंचच हवं असेल तर काठ ३७ इंचांपर्यंत वर घ्या, पण तो कोपराच्या वर जाऊ देऊ नका. आणि सिंक आधीच बसलेलं असेल तर? आत एक उलटं घमेलं किंवा मजबूत जाळी ठेवा आणि तळ वर आणा.

बाकीच्या गोष्टी झटपट. स्टील घ्यायचं तर ३०४ ग्रेड विचारा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्यामुळे साबण आणि ब्लीचसमोर ते जास्त टिकतं. मशीनचा पाइप सिंकमध्ये सोडणार असाल तर तोंडाला जाळी लावा, कपड्यांचे धागे ट्रॅपमध्ये अडकतात. नळ उंच घ्या, खाली बादली बसली पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट. अनेक घरांत त्या सिंकपाशी आपण उभे नसतोच. धुणं-भांडी करणाऱ्या मावशी उभ्या असतात, आणि त्या आपल्यासारखी अजून चार घरं करून आलेल्या असतात. फ्लॅटचा नकाशा कधी त्यांना दाखवलेला नसतो. किटी विल्किन्सनचं ऐकायला लिव्हरपूलला दहा वर्षं लागली. आपल्याला टेप घेऊन दोन मिनिटं पुरतात. प्लंबरला होकार द्यायच्या आधी मावशींना विचारा, "तुम्हाला किती उंचीवर बरं पडेल?"

माप घेतलंत तर मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!