हॉर्नबी रोडवरची मोठी दुकानं



आज मुंबईतल्या जुन्या दुकानांची गोष्ट सांगते. गोष्ट शेवटी आपल्या गटाच्या वहीपाशीच येणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

गेल्या वर्षी आम्ही पाच जणी प्रदर्शनात चटण्या आणि कुरडया घेऊन मुंबईला गेलो होतो. परतीच्या दिवशी सकाळ मोकळी मिळाली, म्हणून व्हीटी स्टेशनाबाहेर पडून फाउंटनकडे चालत निघालो. ऊन कडक होतं, पण आमच्या डोक्यावर सावली होती. त्या रस्त्यावर प्रत्येक इमारतीच्या तळमजल्याला दगडी कमानींची पडवी आहे. १८९६ साली सरकारनं नियमच केला होता, की इथे बांधायचं तर पायी चालणाऱ्यांसाठी पडवी सोडायची.

आज त्याला दादाभाई नौरोजी रस्ता म्हणतात. तेव्हा तो हॉर्नबी रोड होता, आणि तिथे साहेबांची मोठाली दुकानं होती. त्यातलं एक व्हाइटअवे लेडलॉ. ही कंपनी १८८२ साली कलकत्त्यात सुरू झाली. कापड, बूट, टोप्या, भांडी, खेळणी असं सगळं एका छताखाली, पण प्रत्येकाचा विभाग वेगळा. म्हणून त्याला डिपार्टमेंट स्टोअर म्हणायचं. त्या काळी साहेब लोकांना बरीच दुकानं खात्यावर माल देत. व्हाइटअवेचा कारभार मात्र रोखीचा. लोक नावाची चेष्टा करायचे, 'राइट अवे अँड पेड फॉर', म्हणजे आधी पैसे टाका आणि लगेच माल उचला.

पुढे काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स होतं. मुंबईत ते १८९१ साली आलं, पण त्याचं मूळ लंडनचं. तिथे १८७१ साली लष्कर आणि आरमारातल्या अधिकाऱ्यांनी मिळून एक सहकारी संस्था काढली होती. एकेकट्यानं घेतलं तर महाग पडतं, मग सगळ्यांनी मिळून घाऊक घेऊ, एवढाच विचार. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. बायांनो, तो साहेबांचा गटच की!

मग स्वदेशीची चळवळ आली. १९०६ साली मुंबईत बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स निघालं, आपल्या देशातला माल विकण्यासाठी. १९३० साली तर बायकाच रस्त्यावर उतरल्या आणि परदेशी कापडाच्या दुकानांपुढे निरोधनाला उभ्या राहिल्या. हंसाबेन मेहता त्यांच्यात पुढे होत्या. दादाभाई नौरोजींची नात पेरीनबेन कॅप्टन यांनी खादीच्या कामातून गरजू बायकांच्या हाताला काम मिळवून दिलं. आज रस्त्याला आजोबांचं नाव आहे, पण नातीचं काम आपल्या जास्त जवळचं.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले आणि त्यांची दुकानंही हळूहळू आवरली. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर जे दुकान उभं असतं, ते गिऱ्हाईक गेलं की दुकानही राहत नाही. व्हाइटअवेच्या इमारतीत पुढे खादी भांडार आलं. जिथे विलायती माल विकला, तिथे हातानं कातलेलं कापड विकलं गेलं. तिकडे नायगावात कामगारांनी १९४८ साली आपली ग्राहक संस्था काढली, तिचंच पुढे 'अपना बाजार' झालं. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. त्यात शेजारपाजारची कुटुंबं गट करतात आणि महिन्याचा किराणा एकत्र मागवतात.

आता वहीकडे येते. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटानं शहरातल्या एका दुकानाला चार हजारांच्या चटण्या दिल्या, 'विकलं की पैसे' या बोलीवर. दुकानाचं नाव घेत नाही. आधी 'पुढच्या महिन्यात' म्हणाले, मग फोन उचलणं बंद झालं, आणि शेवटी गेलो तर शटरला कुलूप. पावती नव्हती, कारण मागायची लाज वाटली होती. ती लाज माझीच, मी पुढे होऊन बोलले होते. बायांनी शेंगदाणे आणि मिरची घरातून आणली होती. त्यांचे पैसे आम्ही वर्षभरात थोडे थोडे करून भागवले.

त्या कमानीखाली उभी असताना मला तेच आठवत होतं. एवढं मोठं दुकान 'आधी पैसे' म्हणायला लाजलं नाही, मग आपण का लाजावं? आता आमचा नियम ठरला आहे. नवीन दुकानदाराला पहिली खेप रोखीनं. पुढे उधार द्यायचंच झालं तर लेखी, सही घेऊन, आणि एका दुकानाला हजाराच्या वर नाही. कच्चा माल मात्र तीन गट मिळून एकदम आणतो, त्या लंडनच्या अधिकाऱ्यांसारखा.

या आठवड्याच्या बैठकीत तुमची वही उघडा. कुणाकडे किती येणं आहे, ते मोठ्यानं वाचा. आणि तुमच्या तालुक्याच्या पेठेत एखादं जुनं मोठं दुकान होतं का, ते घरच्या आजीला विचारा. ते का चाललं आणि का बंद पडलं, हे तिला ठाऊक असेल. मला कळवा, पुढच्या वेळी त्यावर बोलू.