'युक्तिकल्पतरू'तील क्षुद्रा नौका व तिची प्रतिकृति

धारच्या भोजराजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत सामान्य नौकांचे दहा प्रकार सांगितले आहेत. पैकीं 'क्षुद्रा' नौकेची लांबी १६ हात, रुंदी ४ हात व उंचीही ४ हातच आहे. एका हाताचीं २४ अंगुळें. म्हणून हाताला एक अंगुळ धरून आम्हीं शेलू येथें तिची गोल तळाची सागवानी प्रतिकृति केली. उल्हास नदींत सोडतांच ती कलंडली. तळाशीं वाळू भरल्यावर मात्र सरळ तरली. तात्पर्य, या तीन मानांवरून तळाचा आकारही ठरत नाहीं, भारही ठरत नाहीं.

याच नदीच्या खालच्या अंगास कल्याण आहे. इ. स. १६५७ त तें घेतल्यावर पुढें शिवछत्रपतींनीं तेथें जहाजें बांधविलीं. त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज होता. ग्रंथ असतां परका कशास, असें कित्येक विचारतात. आमच्या मतें उत्तर त्या वाळूंत आहे : नौकाविद्या श्लोकांत नव्हे, कारागिराच्या हातांत नांदते. श्लोकांचा अर्थ लावणाऱ्यानें एकदां तरी रंधा हातीं धरावा.